मांडवा ते रत्नागिरी सायकलने: आधी खाड्या मोजा, किलोमीटर नंतर

दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच की ३३०-३५० किलोमीटर आहे ना, मग रोज ११० केलं तर तीन दिवसात होईल ना. आणि मग त्यातले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधारात कुठल्यातरी जेटीवर शेवटची बोट गेल्यावर फोन करतात. या लोकांचे पाय कमी पडत नाहीत, प्लॅनिंगचा क्रम उलटा असतो. म्हणून हा रस्ता कसा आखायचा, सायकल कशी तयार करायची आणि रोजचा दिवस कसा चालवायचा ते क्रमाने लिहितोय. तोच क्रम पाळा, मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: दिवस ठरवा

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ धरा. त्याच्या आधी रस्ते पावसाने उखडलेले असतात आणि ऑक्टोबरचा उकाडा जीव काढतो, त्याच्या नंतर सड्यावर (खाडीतून वर चढून आल्यावर जो उघडा जांभ्याचा माळ लागतो तो) सावलीच नसते, दहा वाजल्यानंतर तिथे चालवणं म्हणजे तापलेल्या तव्यावर बसणं.

सुरुवात सोमवारी किंवा मंगळवारी करा. अलिबाग-काशीद-मुरुड रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची जी रांग असते त्यात अरुंद रस्त्यावर सायकल घालण्यात काही अर्थ नाही. २४ डिसेंबर ते २ जानेवारी पूर्ण टाळा, रूमही मिळत नाही आणि मिळाली तर दुप्पट पैसे. गणपतीपुळ्याला संकष्टीच्या दिवशी पोचणार असाल तर तारीख एक दिवस मागे-पुढे करा, अंगारकी असेल तर नक्कीच.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि हलका असतो, पण दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि तो चांगला जोरात असतो. रत्नागिरीकडे जाताना तो पाठीवर किंवा बाजूने लागतो. उलटं आलात तर रोज दुपारी थकलेल्या पायांनी त्याच्याशी झगडायचं.

टप्पा २: खाड्यांची यादी करा

आता नकाशा उघडा, पण किलोमीटर बघू नका. बोटीने ओलांडायच्या खाड्या लिहून काढा: आगरदांडा ते दिघी (राजपुरी खाडी), बागमांडला ते वेसवी (बाणकोट खाडी, सावित्री नदीची), दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी), तवसाळ ते जयगड. या चारही ठिकाणी गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, सायकल सरळ चढवता येते. मुंबईकरांसाठी पाचवी म्हणजे सुरुवातीची, भाऊच्या धक्क्यावरनं मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी मोठी बोट), साधारण तासाभराचा प्रवास.

प्रत्येक खाडीसमोर तीन गोष्टी लिहा: पहिली बोट किती वाजता, दुपारी किती वेळाने सुटते, शेवटची कधी. वेळा सीझनप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करून विचारा, दोन वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेला टाइमटेबलचा फोटो धरून चालू नका. काही खाड्यांवर पुलांची कामंही चालू आहेत, त्यामुळे जेटीकडे जाणारा रस्ता फिरवलेला असू शकतो. हे सगळ्यात चांगलं सांगतो तुम्ही जिथे राहणार तो घरवाला, त्याचे पाहुणे रोज तिथनं येत-जात असतात.

⚠ बोट चुकली तर खाडीला वळसा घालून जाता येतं असं नकाशा दाखवतो, पण तो वळसा आत खूप लांब जातो, कुठेकुठे थेट मुंबई-गोवा हायवेपर्यंत. सायकलवर तो पर्याय धरूच नका.

टप्पा ३: चढ मोजा, मग दिवस पाडा

या रस्त्याचं गणित असं आहे की प्रत्येक खाडी म्हणजे समुद्रसपाटी आणि दोन खाड्यांच्या मध्ये सडा. खाली उतरलात की परत वर चढायचंच, १०० ते १५० मीटरचे चढ, अंतर कमी पण उभे. घाटासारखा एक मोठा चढ नसतो त्यामुळे कोणी मनावर घेत नाही, पण असे चार-पाच चढ झाले की दिवसाची बेरीज ८००-१००० मीटरवर जाते आणि संध्याकाळी मांड्या भरून येतात.

कोमूट किंवा स्ट्राव्हा या सायकलिंगच्या ॲपवर रूट बनवून चढाचा एकूण आकडा बघा आणि मग वेळ काढा. सामानासकट या रस्त्यावर ताशी १५-१६ किलोमीटरचा ॲव्हरेज धरा (रोज लोणावळ्यापर्यंत २५ ने जाणाऱ्यानेही हाच धरावा), दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जादा, प्रत्येक बोटीला १ तास, आणि खाणं-पाणी-फोटोला मिळून दीड तास. म्हणजे ६० किलोमीटर, ८०० मीटर चढ आणि एक बोट असलेला दिवस हा ४ तासांचा नाही, साडेसात-आठ तासांचा आहे. डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास उजाडतं आणि सव्वासहाला सूर्य मावळतो, त्यात बसवा.

मला पटणारी विभागणी अशी, अंतरं ढोबळ आहेत:

१. मांडवा – अलिबाग – रेवदंडा – मुरुड जंजिरा, ७० किमी. त्यातल्या त्यात सोपा दिवस, पहिल्याच दिवशी असणं बरं.
२. मुरुड – आगरदांडा – दिघी – दिवेआगर – शेखाडी – श्रीवर्धन – हरिहरेश्वर, ६०-६५ किमी.
३. हरिहरेश्वर – बागमांडला – वेसवी – केळशी – आंजर्ले – हर्णै, ५०-५५ किमी. अंतर कमी दिसतं म्हणून यात अजून काही घुसवू नका, सतत चढ-उतार आहे.
४. हर्णै – दाभोळ – धोपावे – गुहागर, ६० किमी.
५. गुहागर – हेदवी – तवसाळ – जयगड – गणपतीपुळे, ५५-६० किमी.
६. गणपतीपुळे – आरे-वारे – रत्नागिरी, २५ किमी आणि मग ट्रेन.

चौथ्या दिवशी एक निर्णय घ्यायचा असतो. हर्णैहून दापोलीवरनं दाभोळला जायचं की मुरुड-कर्दे-लाडघर-बुरोंडी करत किनाऱ्याने. दापोली ८०० फुटांच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे एकच लांब चढ, पण तो सहन होण्यासारखा आणि वर गेल्यावर हॉटेल, मेडिकल, एटीएम सगळं आहे. किनाऱ्याचा रस्ता दिसायला फार सुंदर, पण छोटे उभे चढ संपत नाहीत. सामान पाठीमागे कॅरिअरवर असेल तर दापोलीवरनं जा. सामान कमी आणि गिअर हलके असतील तर बुरोंडी, आणि मग घाई करू नका.

पुण्याचे लोक ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळामार्गे थेट दिवेआगरला येतात, ते चालतं, फक्त तो दिवस १५०-१६० किलोमीटरचा असल्याने दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनपर्यंतच जा.

✔ तपासा: रूम बुक करताना गावाचं नाव तालुक्यासकट बघा. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं रायगडात आणि एक हर्णैजवळ दापोली तालुक्यात. वेळासही दोन आहेत, एक दिवेआगरजवळचं आणि एक मंडणगड तालुक्यातलं कासवांचं. चुकीच्या मुरुडमध्ये ॲडव्हान्स भरून बसलेले लोक दरवर्षी भेटतात.

टप्पा ४: सायकल

निघायच्या दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग, आदल्या दिवशी नाही. सर्व्हिसिंगनंतर केबल बसायला वेळ लागतो, गिअर परत लावून घ्यावे लागतात, म्हणून मधल्या दिवसात एक ५०-६० किमीची राइड पूर्ण सामानासकट झालीच पाहिजे.

टायर: २३-२५ मिमी रुंदीचे घालून जाऊ नका. कमीत कमी २८, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२. डांबराच्या कडेला जांभ्याची खडी आणि बारीक लाल माती असते, वळणावर अरुंद टायर त्यावर सरकतो. हवा पण लोक भरमसाठ भरतात. ७०-७५ किलोच्या माणसाला २८ वर ७०-८० पीएसआय, ३२ वर ५५-६५ पुरे. १०० भरलं की खराब रस्त्यावर हात बधिर होतात आणि पकडही जाते.

गिअर: पुढच्या लहान चक्राला ३४ दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३२ किंवा ३४, याहून जड नको. मागे २८ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) असेल तर बदलून घ्या, डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढी मोठी कॅसेट घेतो का ते मेकॅनिकला आधी विचारा. हा खर्च करायला लोक कुरकुरतात आणि जर्सीवर दुप्पट घालवतात, मला ते कधीच कळलेलं नाही.

ब्रेक: पॅड अर्धे झाले असतील तर नवीन टाका. रोज चार-पाच उभे उतार आहेत.

सोबत: दोन ट्यूब, पॅच किट, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनची क्विक लिंक, आणि तुमच्या फ्रेमचा डिरेल्युअर हँगर (मागचा डिरेल्युअर ज्यावर बसतो तो तुकडा). शेवटचा हमखास विसरतात. तालुक्याच्या गावात सायकलचं दुकान असतं आणि ती माणसं मनापासून मदत करतात, पण ७०० साइझची ट्यूब, प्रेस्टा व्हॉल्व (रोड बाइकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व) किंवा तुमच्या मॉडेलचा हँगर तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

सामान: पाठीवर सॅक नको, घाम आणि कंबरदुखी दोन्ही होतं. सीटमागची बॅग किंवा कॅरिअर, वजन ६-७ किलोच्या आत. दोन जोड सायकलिंगचे, एक जोड संध्याकाळचा, चप्पल, औषधं, पॉवर बँक, पुढचा-मागचा लाइट. रोज रात्री कपडे धुवायचे, कॉटन नसलं तर सकाळपर्यंत वाळतात.

टप्पा ५: नकाशा, नेटवर्क, पैसे

ऑफलाइन मॅप घरूनच डाउनलोड करा. खाडीच्या उतारावर आणि वाड्यांमध्ये नेटवर्क जातं. नकाशाच्या ॲपमध्ये फेरी टाळा असा पर्याय चालू असेल तर बंद करा, नाहीतर ॲप तुम्हाला लांबच्या वळशाला पाठवतं. आणि चालत जाण्याचा मोड लावू नका, तो पोफळीच्या बागेतून पाखाडीने नेतो, पायऱ्या-पायऱ्यांनी.

रोख पैसे ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. जेटीवर आणि टपरीवर नेटवर्क नसलं की यूपीआय नुसतं फिरत बसतं.

रस्ता विचारायचाच, फक्त प्रश्न नीट विचारा. "काका, पुढे चढ आहे का?" म्हटलं की उत्तर येतं "काय नाय, थोडासाच", कारण काका रोज मोटारसायकलने जातात. त्याऐवजी विचारा, "गाडी पहिल्या गिअरवर घ्यावी लागते का?" हो म्हणाले की खाली थांबून पाणी प्या, केळं खा, मग चढा.

टप्पा ६: रोजचा दिवस

पहाटे साडेपाचला उठा, सहा-साडेसहाला काहीतरी पोटात घाला. होमस्टेत इतक्या लवकर नाश्ता मिळेलच असं नाही, आदल्या रात्री सांगून ठेवा, नाहीतर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू जवळ असू द्या. उजाडता उजाडता निघायचं. अकराच्या आत दिवसातले मोठे चढ संपले पाहिजेत, त्या हिशोबाने बोट धरायची. पहिली बोट सुटण्याआधी १५ मिनिटं जेटीवर पोचलात की पुढचा सगळा दिवस मोकळा होतो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. इथली हवा दमट, घाम सुकत नाही आणि त्याबरोबर मीठ जातं, म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसऱ्यात ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. सडा चढायच्या आधी खालच्या गावात दोन्ही बाटल्या भरा, वर दुकान नसतं. शहाळं, कोकम सरबत वाटेत मिळतंच, पण त्यात मीठ कमी असतं, नुसत्या शहाळ्यावर दिवस काढू नका, पायात गोळे येतात.

खाणं दर ४०-४५ मिनिटांनी थोडंथोडं. भूक लागायची वाट बघितली की उशीर झालेला असतो. आणि जेवण... इथे मनाला फार आवरावं लागतं. दुपारी बाराला सुरमईची थाळी, वर भात, सोलकढी, आणि पुढे वीस किलोमीटर चढ, हे जमत नाही. दुपारी पोहे, मिसळ, घावणे असं हलकं, आणि थाळी संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर निवांत.

✔ तपासा: दुपारी बाराला दिवसाचं निम्म्याहून जास्त अंतर झालंय का? नसेल तर बाकी सगळे थांबे रद्द, सरळ मुक्काम.

टप्पा ७: रस्त्यावर

पडझड बहुतेक वेळा चढावर होत नाही, उतारावर होते. खाडीकडे उतरणारा रस्ता अरुंद, वळणाचा, आणि खाली गाव सुरू होतं तिथेच वळण संपतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम किंवा डिस्क तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करा, सोडा, वळण घ्या. वळणात असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकलंच. हात हँडलच्या खालच्या भागात ठेवा, ब्रेकवर जोर कमी लागतो.

एसटी आली की बाजूला व्हा. एसटीवाले हॉर्न देतात, शिस्तीत चालवतात, पण रस्ता एका बसएवढाच असतो. उतरून, पाय टेकवून उभं राहायचं. चालू सायकल डांबरावरून खाली साइडपट्टीवर घ्यायला जाऊ नका, कडेला चांगला वीतभर खड्डा असतो आणि परत वर घेताना चाक अडकतं.

अवजड ट्रक तीन ठिकाणी लागतात: साळावच्या कारखान्याजवळ, दिघी बंदराजवळ आणि जयगड बंदराजवळ. तेवढा पट्टा एका रांगेत, लाइट चालू ठेवून, न थांबता. रेवदंडा-साळाव पूल आणि इतर पुलांवरचे सांधे सरळ ९० अंशात ओलांडा, तिरके गेलात तर टायर फटीत जातो.

हर्णैच्या आसपास मासळीच्या टेम्पोंमधनं पाणी सांडलेलं असतं, ते वाळलेलं दिसलं तरी चिकट-घसरडं असतं. वळणावर सावकाश. आरे-वारेच्या चढावर लोक फोटोसाठी गाड्या वळणातच लावतात आणि दार न बघता उघडतात, तिथे गाड्यांपासून हातभर लांबून जा.

वाड्यांमधले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याच्या भिंती आणि पुढचं काही दिसत नाही. पोरं, गुरं, कोंबड्या. घंटी लावा सायकलला, रोड बाइकला घंटी शोभत नाही वगैरे काही नाही. कुत्री मागे लागली तर पळवू नका, थांबा, उतरा, सायकल मध्ये ठेवा. बहुतेक वेळा तीही थांबतात.

⚠ सायकल पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) नेऊ नका. फोटो छान येतो पण वाळू चेनमध्ये, खारं पाणी बेअरिंगमध्ये, आणि क्लीट्समध्ये (शूज पेडलला अडकवणाऱ्या तळव्याखालच्या पट्ट्या) वाळू गेली की शूज पेडलमध्ये बसत नाहीत किंवा निघत नाहीत. फोटो काढायचाच तर रस्त्यावरून.

टप्पा ८: बोटीवर

जेटीचा उतार भरतीच्या रेषेखाली शेवाळलेला असतो. सायकलवरून खाली जायचं नाही, चालत, आणि क्लीट्सचे शूज असतील तर फारच जपून. आधी गाड्या चढतात, मग तुम्ही. सायकल कठड्याला टेकवून एका बेल्टने बांधा, चेनची बाजू बाहेर. उतरताना गाड्यांना पुढे जाऊ द्या. बोटीतून उतरलेल्या सगळ्या गाड्या एकदम पुढच्या चढाला लागतात, त्यांच्यामधे सापडण्यापेक्षा पाच मिनिटं चहा घ्या, रस्ता रिकामा मिळतो.

टप्पा ९: मुक्कामाला पोचल्यावर

अंघोळीच्या आधी सायकल. गोड्या पाण्याचा ओला फडका फ्रेम, रिम, ब्रेकवर फिरवा, चेन कोरड्या फडक्याने पुसा, थेंब-थेंब तेल टाका आणि जादा पुसून घ्या. पाइपने जोरात पाणी मारू नका, तेच पाणी हबमध्ये जातं. खाऱ्या हवेत एका रात्रीत चेनवर तांबूस गंज दिसतो, त्यामुळे हे कंटाळा आला तरी करायचंच. मग टायरवर हात फिरवून काच, खडा, काटा रुतलाय का बघा. सकाळी हवा दाबून बघा, रात्रीतून कमी झाली असेल तर पंक्चर बारीक आहे, निघण्याआधी काढा.

घरवाल्याला उद्याच्या बोटीचं परत विचारा. त्याच्याकडे जेटीवरच्या माणसाचा नंबर असतोच.

टप्पा १०: परत येताना

रत्नागिरी स्टेशन गावापासून ५-६ किमी वर आहे, आणि तेही चढावर, म्हणून ट्रेनच्या वेळेच्या तीन तास आधी गावातून निघा. सायकल ट्रेनमध्ये न्यायची तर पार्सल ऑफिसला आदल्या दिवशीच जाऊन विचारा: कुठल्या गाडीला बुकिंग घेतात, पॅकिंग कसं हवं, किती आधी आणून द्यायची. गाडी थोडाच वेळ थांबते, ऐनवेळी धावपळ करून सायकल चढत नाही. तिकीट काढायच्या आधी हे विचारा, नंतर नाही.

पॅकिंग करताना हँडल आडवं करा, मागचा डिरेल्युअर सोडवून फ्रेमच्या आत फडक्यात गुंडाळून बांधा, पुढचं चाक काढलं तर फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा घाला म्हणजे दाबला जाणार नाही. पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं, लोक उलट्या बाजूने जोर लावून क्रँकच खराब करतात. पाना घरूनच नेलेला असू द्या, मल्टिटूलने ते बऱ्याचदा हलत नाही.